कोवलमला गेलेलं कपाट

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास सेतुमाधवराव मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या दुकानाच्या मागच्या गोदामात शिरले आणि दारातच थांबले. शनिवारी दुपारी त्यांनी जिथं शिसवी कपाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, तिथं नुसती फरशी होती. प्लास्टिकचा जाड कागद घडी करून कोपऱ्यात टाकलेला होता. त्यावर लाल खडूनं मोठ्या तमिळ अक्षरांत त्यांनीच लिहिलं होतं, 'पुढच्या शनिवारपर्यंत उघडू नये.' अक्षरं अजून नीट वाचता येत होती.

त्यांनी भिंतीला हात टेकला. कपाट कुठं गेलं हे विचारायला पुढं दुकानात जायचं होतं, पण पाय उचलेनात.

सेतुमाधवराव एकोणसाठ वर्षांचे होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले. घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ, असं त्यांच्या चार पिढ्यांचं चाललेलं. तरुणपणी ते मद्रासला आले आणि एका धान्याच्या गोदामात लागले. तिथं सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री ओढून आत गोळ्या ठेवायच्या आणि कीड मारायची. 'धुरी देणं' म्हणत त्याला, पण धूर कधी दिसत नसे. हवेतल्या दमटपणानं गोळ्या विरघळत, त्यातून वायू सुटे, आणि आठ दिवसांनी ताडपत्री काढली की आत काही जिवंत राहिलेलं नसे.

नोकरीच्या सातव्या वर्षी गोदामाचा एक पहारेकरी पाऊस आला म्हणून ताडपत्रीच्या कडेखाली जाऊन झोपला. सकाळी त्याला पाहिलं ते सेतुमाधवरावांनी. तेव्हापासून ते भित्रे झाले असं त्यांची बायको वसंता सांगे. घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघायचे, गॅसचा खटका तीनदा तपासायचे, नातवाला खोकला आला तरी यांची झोप जायची. वसंता हसायची. ते म्हणायचे, "हासा तुम्ही. पाहिलेल्यास ठाऊक."

गोदाम बंद पडलं तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि सत्यनारायण नावाच्या माणसाच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात ते दिवसाचं काम करू लागले. कारैकुडीकडची मोठी घरं पाडली जात, तिथलं सामान या दुकानात येई आणि इथून नव्या पैशाच्या लोकांकडे जाई. आलेल्या प्रत्येक वस्तूची प्रकृती बघणं हे सेतुमाधवरावांचं काम. बोटाच्या पेरानं लाकूड वाजवायचं, कुठं पोकळ, कुठं भरीव ते ऐकायचं, सांधे हलवून बघायचे, लाकूड पोखरणारा भिरूड लागलाय का ते शोधायचं आणि सगळं एका कागदावर लिहून मालकाला द्यायचं. हे काम त्यांना मनापासून आवडे.

हे कपाट कपड्यांचं होतं. पुरुषभर उंच, दोन दारांचं, खाली दोन रुंद खण. दारांवर हाडाच्या आणि पितळेच्या बारीक तुकड्यांचं जडावकाम होतं, दोन्हीकडून वर चढत गेलेली वेल आणि वेलीवर समोरासमोर बसलेले पोपट. डाव्या पोपटाचा डोळा पडला होता. पितळी तार दोन ठिकाणी उचलली होती. दर्शनी लाकूड अस्सल, काळंभोर शिसव, पण पाठीच्या फळ्या कसल्याशा मऊ लाकडाच्या, आणि त्यांना भिरूड लागला होता. खालचा खण पूर्ण बाहेर ओढला की त्याच्या खाली चार बोटं उंचीची एक बंद पोकळी होती. तिथं तर भुशाचा ढीग साचला होता. कान लावला तर आत कुरकुर ऐकू यायची.

औषध टोचलं असतं तर ओलीनं जडावाचा सरस सुटला असता, हाडावर पिवळे डाग पडले असते. म्हणून त्यांनी जुना उपाय केला. धान्याच्या गोदामातल्या जुन्या ओळखीनं गोळ्या मिळत. त्या वापरायला सरकारी परवाना लागतो आणि तो आपल्याकडे नाही, हे सेतुमाधवरावांना पक्कं माहीत होतं. मालकालाही माहीत होतं. आठ-दहा वस्तूंना त्यांनी अशी धुरी दिली होती, आणि दर वेळी तो आठवडाभर त्यांना धड जेवण जात नसे. शनिवारी त्यांनी दोन्ही दारांच्या आत कागदाच्या पुड्यांत गोळ्या ठेवल्या, चार गोळ्या पत्र्याच्या झाकणात घालून खालच्या पोकळीत सरकवल्या, कपाट प्लास्टिकनं बंद केलं आणि थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धाला तंजावरला गेले.

पुढं दुकानात सत्यनारायण पेपर वाचत बसला होता.

"मुदलाळी, कपाट?" सेतुमाधवरावांनी विचारलं. मालकाला ते इतरांसारखंच मुदलाळी म्हणत.

"गेलं की. काल दुपारी. कोवलमच्या बाई दोनदा येऊन गेल्या, त्यांना हवंच होतं. टेम्पो रिकामा होता, लावून दिलं."

"उघडलं कोणी?"

"टेम्पोवाल्यानं. दारातल्या पुड्या काढून फेकल्या त्यानं. मी बघितलंय, काळजी करू नका."

"खालच्या खणाखालच्या?"

सत्यनारायणनं पेपर खाली ठेवला. "खणाखाली काय आहे?"

सेतुमाधवरावांनी सांगितलं. मालकाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. उठून त्यानं बिलबुक काढलं आणि त्यातल्या मोबाइल नंबरावर फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. बाहेर ऐप्पशी या तमिळ महिन्याचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लागला होता, तीन दिवस शहर ओलंचिंब होतं, आणि सेतुमाधवरावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, या पावसात लोक खिडक्या बंद करून बसतात.

"पोलिसांना कळवू?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलंय? परवाना दाखवा म्हणतील. तुम्ही आधी आत जाल, मग मी." सत्यनारायणनं पत्ता आणि फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "तुम्ही जा आणि गुपचूप काढून आणा. पॉलिशचं थोडं काम राहिलंय म्हणा. विष हा शब्द तोंडातून काढू नका."

चिठ्ठी घेऊन ते बाहेर पडले. दोन रिक्षावाल्यांनी शहराबाहेर समुद्रकाठी असलेल्या कोवलमचं नाव ऐकताच नकारार्थी मान हलवली, रस्त्यात गुडघाभर पाणी आहे म्हणाले. मग ब्रॉडवेहून तिरुवान्मियूरची बस मिळाली. ती इंचाइंचानं सरकत होती. सेतुमाधवराव छत्री दोन गुडघ्यांत धरून बसले होते आणि मनात हिशेब मांडत होते. काल दुपारपासून आज सकाळ. बंद खोली. चार गोळ्या. सव्वीस वर्षं ज्या गणितावर पोट भरलं, ते आता करावंसं वाटेना, आणि थांबवताही येईना. त्यांना तो पहारेकरी दिसला. मग स्वतः पोलीस चौकीत बाकावर बसलेले दिसले, वसंता दाराबाहेर उभी. आपल्याला कोणत्या गोष्टीची भीती जास्त वाटते आहे हे त्यांना कळेना, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

तिरुवान्मियूरला बस बदलायची होती. स्टँडजवळच्या दुकानाबाहेर रुपयाचं नाणं टाकायचा लाल फोन होता. त्यांनी नाणं टाकलं आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. सात वेळा रिंग वाजली.

"हॅलो?" बाईचा आवाज, ग्लानीतून आल्यासारखा.

ते तमिळमध्ये बोलू लागले. ती तुटक तमिळमध्ये म्हणाली की तमिळ येत नाही, आणि मग फोनपासून तोंड फिरवून कुणाशी तरी बोलली, "अदिती, थांब गं राणी, आले मी. पुन्हा उलटी झाली का?"

बाई मराठी होती, आणि खोलीत मूल होतं.

"माय, मी मराठींच बोलतों," ते म्हणाले. "फर्निचरच्या दुकानांतून. कपाट कोठें ठेविलें आहे?"

"बेडरूममध्ये. का? कोण तुम्ही?"

"खिडक्या?"

"बंद आहेत, पाऊस आहे ना. अहो, माझं डोकं फार दुखतंय, मुलीला बरं नाही. नंतर करा ना फोन."

मालकानं दिलेलं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. पॉलिश राहिलं आहे, मी येतो. एवढं म्हटलं असतं तर पुढं कसलीही जबाबदारी अंगावर येणार नव्हती.

"माय, ऐका. त्या कपाटांत विष आहे. कीड मारायच्या गोळ्या. त्यांतून वायू निघतो. मीच घातल्या. लेंकरूं उचला आणि बाहेर व्हा, आतांच. कांहीं घेऊं नका, कपाट उघडूं नका. दवाखान्यांत जा, डाक्टरांस सांगा, धान्यांत घालतात त्या गोळ्यांचा वायू."

मग ती म्हणाली, "काय बोलताय तुम्ही?" आणि तेवढ्यात मिनिट संपल्याचा पीं पीं आवाज होऊन फोन तुटला.

दुसरं नाणं नव्हतं. दुकानदारानं नोट मोडून द्यायला वेळ लावला. नाणं टाकून पुन्हा लावला, तेव्हा रिंग वाजत राहिली आणि कुणी उचलला नाही. ती ऐकून बाहेर धावली, की हा वेडा माणूस म्हणून फोन ठेवून पुन्हा मुलीशेजारी जाऊन पडली, हे कळायला काही मार्ग नव्हता.

पुढच्या बसमध्ये ते बसले नाहीत. दाराच्या दांड्याला धरून उभे राहिले. कंडक्टर दोनदा आत या म्हणाला. मुट्टुकाडच्या पुलावर खाडीचं पाणी फुगलं होतं, बस एकेक करून सोडत होते. पंचवीस मिनिटं गाडी तिथं उभी होती. सेतुमाधवरावांनी आयुष्यात देवाकडे मोठं काही मागितलं नव्हतं. तिथं त्यांनी मागितलं, आणि मागताना ते मूल जगू दे असं म्हणावं की मला वाचव असं म्हणावं, याचा त्यांच्या मनात इतका घोळ झाला की शेवटी ते नुसतं नाव घेत राहिले.

कोवलमला उतरल्यावर मासळीच्या लिलावाच्या शेडवरून पुढं, समुद्राकडच्या गल्लीत घर होतं. फाटक उघडं. दारही सताड उघडं. पायरीवर एकच चप्पल पडलेली. हवेत कुजलेल्या मासळीचा, थोडा लसणासारखा वास होता. या गावात त्या वासाकडे कोण लक्ष देणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. तो वास मासळीचा नव्हता.

शेजारच्या घरातून एक कोळीण बाहेर आली. मागे चार-पाच पोरं.

"बाई कुठं गेली?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"मुलीला घेऊन पळत आली. आमच्या जावयानं रिक्षात घालून केळंबाक्कमच्या हॉस्पिटलात नेलं. तास-सव्वा तास झाला."

"मूल कसं होतं?"

कोळणीनं मान एका बाजूला टाकून दाखवली. "असं. डोळे मिटलेले."

सेतुमाधवराव पायरीवर बसले. पण पोरं फाटकातून आत डोकावत होती, एक तर दारापर्यंत आलं होतं. ते उठले, पोरांना गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं, आणि कोळणीला म्हणाले, "कुणाला येऊ देऊ नका. आत विषारी हवा आहे."

तोंडावर ओला पंचा बांधून काही उपयोग नसतो, हे त्यांना माहीत होतं. छाती भरून श्वास घेतला, आत गेले, बेडरूमच्या दोन्ही खिडक्या ढकलून उघडल्या आणि बाहेर आले. उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकल्या. दुसऱ्यांदा गेले. कपाट पलंगाच्या पायथ्याशी होतं. खणात छोटे फ्रॉक घड्या घालून ठेवले होते. त्यांनी खण ओढला, तो पावसानं फुगून अर्ध्यावर अडकला. श्वास पुरेना, बाहेर आले. आता तिसऱ्यांदा जायला नको असं त्यांनी स्वतःला स्पष्ट सांगितलं. मग गेले. पाय लावून खण उपटला, पोकळीत हात घातला, पत्र्याचं झाकण हाताला लागलं. गोळ्या फुटून राखाडी झाल्या होत्या, मधला भाग अजून शिल्लक होता. झाकण हात लांब धरून त्यांनी घरामागच्या उघड्या वाळूत नेलं.

त्यावर पाणी पडून चालणार नव्हतं, वायू एकदम सुटला असता. त्यांनी आपली छत्री उघडली, दांडा वाळूत रोवला, तिच्याखाली झाकण ठेवलं, आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला दहा पावलांवर पावसात बसले. कुणी जवळ येऊ नये म्हणून. इथून उठून बसस्टँडवर जाता आलं असतं. त्यांना इथं कुणी ओळखत नव्हतं. हा विचार त्यांच्या मनात आला, एकदा नाही, तीन-चारदा.

तासाभरानं पोलिसांची जीप आली. हॉस्पिटलनं कळवलं होतं. हवालदार छत्रीकडे आणि भिजलेल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही कोण?"

"गोळ्या मी घातल्या," सेतुमाधवराव म्हणाले. "मूल जिवंत आहे का?"

हवालदाराला माहीत नव्हतं.

ते त्यांना कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही चौकीत. तोवरचे तास त्यांनी कसे काढले हे ते पुढं कधी कुणाला सांगू शकले नाहीत. वसंता डबा घेऊन आली होती, तो तसाच राहिला. या विषाला उतारा नाही, एवढं त्यांना गोदामातल्या दिवसांपासून ठाऊक होतं. प्राणवायू द्यायचा, सलाइन लावायचं, हृदय टिकतंय का बघायचं. बुधवारी दुपारी इन्स्पेक्टरनं फोन ठेवला आणि म्हणाला, "मुलीनं दूध मागितलं. वाचली." डॉक्टर त्याला म्हणाले होते की आईनं दारातूनच नेमकं कसलं विष ते सांगितलं, म्हणून वेळ गेला नाही. नाहीतर अन्नातून झालं असेल समजून औषध देऊन घरी पाठवलं असतं, त्याच खोलीत.

त्याच संध्याकाळी मुलीचा बाप, कुशल, चौकीत आला. तो कंपनीच्या कामाला होसूरला गेला होता, तिथून तसाच आला होता. त्यानं सेतुमाधवरावांची कॉलर धरली. सेतुमाधवरावांनी हात वर केला नाही. काही वेळ धरून त्यानं ती सोडली आणि खुर्चीवर बसून रडला.

सत्यनारायणनं जबाब दिला की या माणसानं परस्पर हे केलं, मला कल्पना नव्हती. खटला दीड वर्ष चेंगलपट्टूच्या कोर्टात चालला. सेतुमाधवरावांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो म्हटलं, वकिलानं त्यांना गप्प केलं, शेवटी त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. ते संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसले. वसंता शेजारी बसली होती. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आतां अस्क झालें, सगळें संपलें. निजा थोडें." ते झोपले नाहीत.

फर्निचरचं काम त्यांनी पुन्हा केलं नाही. जवळच्या एका शाळेत मुलांना गणित शिकवायला जाऊ लागले.

निकालानंतर दोन महिन्यांनी ऋजुताचा, म्हणजे त्या बाईंचा, फोन आला. कपाट अजून आमच्याकडे आहे, म्हणाली. पोलिसांनी पंचनाम्यानंतर परत केलं, दुकानदार घ्यायला तयार नाही, टाकवत नाही आणि वापरवत नाही. तुम्ही बघून सांगाल का?

सेतुमाधवरावांना नाही म्हणायचं होतं. ते गेले.

कपाट मागच्या पडवीत होतं. दोन पावसाळे उघड्यावर काढल्यानं शिसव पांढुरकं पडलं होतं. जडावातले हाडाचे तुकडे कितीतरी गळाले होते, उजव्या पोपटाचा पंख अख्खा गेला होता. त्यांनी प्रत्येक फळी वाजवली. पाठीला कान लावला. आत काही नव्हतं, कुरकुर नव्हती, नवा भुसा नव्हता. शेवटी खालच्या खणापाशी ते थांबले. हात पुढं होईना. ऋजुता बाजूला उभी होती. तिनं मुलीला आधीच अंगणात पाठवलं होतं, आणि त्यांचा हात अडलेला तिनं पाहिला, पण खण ओढायला तीही पुढं आली नाही.

त्यांनी तो ओढला. पोकळी रिकामी, कोरडी होती. त्यांनी ती बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत चाचपली, दोनदा.

"आतां कांहीं भय नाही," ते म्हणाले. "लाकूड टिकेल. जडाव मात्र चांगल्या कारागिराकडून बसवून घ्या. मी नको."

"मुलीचे कपडे नाही ठेवणार मी त्यात," ती म्हणाली.

"नका ठेवूं."

तिनं कॉफी आणून दिली. ते उभ्यानंच प्यायले. पेला परत घेताना ती म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तुम्ही वेगळं काही सांगू शकला असता. इन्स्पेक्टर म्हणाले, मालकानं तुम्हाला तसं सांगितलं होतं. मग खरं का सांगितलंत?"

"भीति वाटली, माय," ते म्हणाले. "दुसरें कांहीं नाही."

अंगणात अदिती वाळूत खड्डा करत होती. साडेतीन-चार वर्षांची झाली होती. फाटकाकडे जाताना ते तिच्यापासून बरंच अंतर ठेवून गेले. तिनं वर बघून हात हलवला. त्यांनीही हलवला आणि बसस्टँडची वाट धरली.